समज नाही

"वाचा नाही," मोठे डॉक्टर लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले. "समज..."

"समज आहे, सर," योगिनी म्हणाली.

पेन थांबलं. पुरुषांच्या वॉर्डातल्या बारा खाटांनी कान टवकारले. जिल्ह्याच्या गावाहून दर मंगळवारी येणाऱ्या डॉक्टरांचं वाक्य एका इंटर्न पोरीने तोडायचं म्हणजे काय! पण या पोरीचं वेडच तसं. दवाखान्यात तिला सगळे 'मेंदूवाली' म्हणायचे. सलाईन लावायला पाठवावी तर ही पेशंटला जीभ बाहेर काढायला लावून बघत बसायची. डबा खातानाही पुढ्यात मेंदूचंच पुस्तक.

खाटेवर गुणाजी होता. अठरा दिवसांपूर्वी होडी वर ओढताना वाळूतच कोसळला. तेव्हापासून उजवा हात लुळा आणि तोंडात शब्द नाही. हा गावच्या देवळात तीस वर्षं गाऱ्हाणं घालणारा माणूस. त्याने देवाला सगळ्यांचं मागणं सांगायचं आणि गावाने वाक्यावाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं.

"गुणाजी, डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "बरं, जीभ दाखवा."

गुणाजी नुसता बघत राहिला.

"बघितलंस?"

"ह्येंका सगळा कळता," उशाशी बसलेली त्याची बायको पद्मावती म्हणाली. "तुमचा बोलणा पटणा नाय, म्हणान गप आसत."

"वयनी, उगीच आशेर रवा नको," गुणाजीचा चुलतभाऊ दत्ताराम म्हणाला. तो सकाळपासून डॉक्टरांच्या त्या कागदासाठीच थांबला होता. "जत्रा तोंडार इली. गाऱ्हाणा कोणी घालूचा, ता माका आज गावाक सांगूचा आसा."

कागदावर 'समज नाही' आलं की काय होणार, हे योगिनीला लख्ख दिसत होतं. गाऱ्हाण्याचा मान दत्तारामाला जाईल, ते एक राहू दे. पण गुणाजीला घरी कोपऱ्यात निजवतील. वेळेवर पेज भरवतील, कूस बदलतील, आणि त्याच्याशी कुणी बोलणार नाही. आणि ज्याच्याशी कुणी बोलतच नाही, त्याची वाचा परत येणार कुठून? तिला डॉक्टरांचा, दत्तारामाचा आणि त्या पेनाचाही मनापासून राग आला.

"सर, दोन मिनिटं," ती म्हणाली. खाटेच्या पायथ्याशी जाऊन तिने हात जोडले आणि आवाज चढवला. "बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"गो, बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता!" दत्ताराम ओरडला.

"देवळात नसता, काका. ह्यो वॉर्ड आसा." ती थांबली नाही. मिठबावच्या जत्रेत बापाच्या खांद्यावर बसून ऐकलेली ती चाल तिच्या तोंडात तयार होती. "आज तुझी लेकरा तुझ्या पायाशी शरण इली आसत रे महाराजा!"

"होय महाराजा!" शेजारच्या खाटेवरचा, पाय प्लास्टरमध्ये अडकलेला चंदन सवयीने म्हणाला. त्याच्या आवाजाबरोबर आणखी एक आवाज आला. घोगरा, गंजलेला.

गुणाजीचा.

पद्मावतीने तोंडाला पदर लावला. डॉक्टर मात्र हसले.

"छान. पण ही समज नव्हे, सवय आहे. शिव्या, आकडे, आरती, जे जन्मभर घोटलेलं असतं ते आपोआप येतं. अर्थ कळावा लागत नाही. तुझ्या पुस्तकात असेल बघ."

पुस्तकात होतंच. तिने त्याखाली रेघसुद्धा मारली होती. तिने गुणाजीकडे पाहिलं. तो तिच्याचकडे बघत होता.

तिने पुन्हा हात जोडले. शब्द आता तिचे होते, पण चाल तिने तीच ठेवली.

"तसाच रे महाराजा! ह्यो गुणाजी आता खुळो झालो, ह्येका कायएक कळणा नाय रे महाराजा!"

"होय महाराजा!" वॉर्ड आता रंगात आला होता.

"तर ह्येचो मान काढ आणि दुसऱ्याक दी रे महाराजा!"

"होय महाराजा!" चंदन म्हणाला, दत्ताराम हात जोडून म्हणाला, इंजेक्शन भरता भरता सिस्टर म्हणाली. डोळे पुसत पद्मावतीही म्हणाली. आणि कागदापाशीही कुणीतरी हळूच 'होय महाराजा' म्हणालं. मोठे डॉक्टरही मूळचे याच मुलखातले, आरोंद्याचे.

गुणाजी तेवढा गप्प होता. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. डावी मूठ वळली आणि लोखंडी खाटेच्या दांड्यावर आदळली.

"ना..." ओठ थरथरले. "नाय."

त्याने श्वास घेतला, पुन्हा मूठ आदळली.

"नाय, महाराजा!"

तीस वर्षांच्या गाऱ्हाण्यांत हा शब्द कुणी ऐकला नव्हता. आपण कशाला होकार दिला ते पद्मावतीच्या आता लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. दत्ताराम जोडलेले हात सोडायचं विसरून गेला.

योगिनीने डॉक्टरांपुढचा कागद आपल्याकडे ओढला.

"सर, 'समज नाही' आता कुणाकुणाच्या कागदावर लिहू?"