उपरण्याची जागा

उपरणं सांभाळण्यात गोरक्षचा फायदा होता. मोटारीचा ड्रायव्हर थकला होता, दिवाळीनंतर घरी बसणार होता, आणि क्लीनर गोरक्षला त्याच्या जागी बसवायचं तर मालकाच्या कानी घालणारा वजनदार माणूस कोल्हारात एकच, आप्पासाहेब. ते म्हणाले होते, "बघू." आप्पासाहेबांचं 'बघू' म्हणजे निम्मं काम झालं, असं लोक धरून चालत. बदल्यात गोरक्षकडं काम थोडं होतं. दर सोमवारी आप्पासाहेबांचा गडी कोल्हारच्या थांब्यावर येई आणि ड्रायव्हरशेजारच्या बाकावर जरीकाठी उपरणं घडी घालून ठेवी. साहेब त्या दिवशी राहुरीला लेकीकडं असत. ते तिथं चढेपर्यंत त्यावर कुणी बसायचं नाही. साहेब कधी चढत, कधी चढत नसत. उपरणं मात्र नेमानं नगरला जाई.

लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. दिवसाला एकच खेप. त्या सोमवारी ती गच्च भरली होती आणि गोरक्ष मागं भट्टीच्या पंख्याचा दांडा फिरवत होता. खिडकीशी यज्ञेश्वर मास्तर बसले होते. हायस्कुलात इंग्रजी शिकवत.

"काय रे, एका शब्दावर किती वर्षं पोट भरणार?"

"राईट, गुर्जी," गोरक्ष हसला.

त्याचं सगळंच राईट असे. चाकात हवा राईट, चहात साखर राईट, बायको रुसली की 'आज घरी राईट न्हाई'. आणि पत्र्यावर थाप मारून तो 'राईट' ओरडला की मोटार हलायची. त्याशिवाय ड्रायव्हर मामलेदारासाठीसुद्धा हलवत नसे.

"गणित बरोबर आलं तर राईट," मास्तर म्हणाले. "हा उजवा हात, तो राईट. आणि माणसाचा हक्क असतो ना, तोही राईटच."

"हक्काला बी त्योच? विंग्रजांकडं शब्दांची टंचाई दिसती. लढाईमुळं आसंल."

मोटार हसली. मास्तरही हसले. "तो अर्थ मी वर्षाच्या शेवटी शिकवतो. पोरांना जड जातो."

तेवढ्यात नदीकडून बैलगाडी आली. गाडीपुढं साळूबाई धावत होती, पलीकडच्या ख्रिस्ती वाडीतली. गाडीत कडब्यावर तिची सून मरिया. परवापासून अडली होती. सुईणीनं हात टेकले होते.

"गोरक्षा, लेका, येक जागा दे. हिला नगरला मिशनच्या दवाखान्यात न्यायची हाय. मी टपावर बसंन."

"जागा कुटं हाय, मावशे?"

साळूबाईनं पुढच्या बाकाकडं बोट केलं.

"ती आप्पासायबांची."

"सायब कुटं हायती?"

"राहुरीला चढत्याल."

"मंग राहुरीपत्तूर तरी बसू दे. तितं उतरू आमी. म्होरचं मी बघीन."

गोरक्षनं उपरण्याकडं पाहिलं, मग कडब्याकडं. कडबा ओला झाला होता. मागच्या बाकावरनं कुणीतरी त्याला ऐकू जाईल एवढंच बोललं, "त्या उपरण्याजागी? आन वाडीतली बाई?"

"उपरणं उचलून टपावर ठिव की," साळूबाई म्हणाली. मग खिडकीपाशी आली. "गुर्जी, तुमी तरी सांगा ह्याला. तुमी समद्यांना शिकवता."

मास्तरांना आपली खिडकीची जागा आठवली. पण त्याआधी आपला दुखरा गुडघा आठवला. त्यांनी तपकिरीची डबी उघडली. "मालकाचा नियम असतो, बाई. त्याच्या हातात काय आहे?"

गाडीत मरियानं कडेचा दांडा घट्ट धरून ठेवला होता.

गोरक्षनं पत्र्यावर थाप मारली.

"राईट!"

राहुरीला आप्पासाहेब आले नाहीत. नवी माणसं चढली, एकमेकांच्या पायांवर उभी राहिली. उपरण्यावर कुणी बसलं नाही.

संध्याकाळी मोटार परत आली तेव्हा निम्मी रिकामी होती. उपरणं पुढच्या बाकावर तसंच होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. थांब्याजवळच्या लिंबाखाली बैलगाडी उभी होती, बैल सोडलेले. मरियाच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत जुनेर पांघरलं होतं. मधला उंचवटा तसाच होता.

गोरक्ष उतरून गाडीपाशी गेला. "मावशे, उद्याच्याला म्होरली जागा मी सवता…"

"नगं," साळूबाई म्हणाली. "आता वढ्यापल्याड मातीला जायचं. तितं बैलगाडी जाती."

मोटारीला अजून बाभळेश्वर गाठायचं होतं. खिडकीत मास्तर चष्मा पुसत होते, पुसून झाला तरी. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "आरं, राईट दे की!"

गोरक्ष पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला. इंजिन धडधडत होतं. ड्रायव्हरनं पुन्हा हाक मारली.

साळूबाईनं वर पाहिलं.

"राईट म्हण, बाबा. लोकांचा खोळंबा हुतोय."

त्या सोमवारी आप्पासाहेबांचं उपरणं फुकट गेलं आणि फुकट आलं. भाडं भरलं मरियानं, आणि तिच्या पोटातल्यानं.