प्लग काढायची शिकवणी

ज्या मोटरसायकलला नीळकंठरावांनी पोटच्या मुलालाही कधी हात लावू दिला नव्हता, तिच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढायला ते गेले काही रविवार सिंधूताईंना शिकवत होते. शाहपुऱ्यातल्या त्या अंगणात गाडीपाशी बसता-उठता सिंधूताईंचा जीव मेटाकुटीला यायचा. आत कणीक मळायची राहिलेली असायची, हात काळे व्हायचे आणि वरच्या मजल्यावरचे तिवारीजी हमखास विचारायचे, "क्या भाभीजी, गॅरेज खोल रही हैं?"

"अहो, गाडी बिघडलीच तर कोपऱ्यावर मिस्त्री बसलाय ना! या वयात मला कशाला हे नसते उद्योग?"

"पाना आधी नीट बसव. मग उलटा फिरव," एवढंच ते म्हणायचे.

आज मात्र ते नुसते बघत उभे राहिले. सिंधूताईंनी वायर ओढून काढली, पाना बसवला, जोर लावला आणि फिरवत फिरवत प्लग बाहेर काढला.

"घ्या! झालं समाधान?" त्यांनी वैतागून तो नवऱ्यापुढे धरला.

नीळकंठरावांनी प्लग घेतला नाही. बायकोची काळी झालेली बोटंच त्यांनी त्यावर हळूच मिटवली.



"आता हा लपवून ठेव. हल्ली गाडी घेऊन गेलो, की मला तलावावरून घरी यायचा रस्ता आठवत नाही. उद्या मी कितीही आरडाओरडा केला, तरी देऊ नकोस."