चाळीसच्या पुढं

मूर्तिजापूरच्या अलीकडं वेगाच्या काट्यानं चाळीस मैलांचा आकडा ओलांडला आणि स्टीअरिंग पंजाबरावच्या हातात हिवताप भरल्यासारखं कापायला लागलं. मागं बसलेल्या वच्छलाच्या मांडीवरचा डबा घरंगळून खाली पडला.

पंजाबरावनं गाडी कडंला घेतली.

"झालं सुरू. काल तुह्या बापासंगं याच सडकेनं पन्नासनं नेली, लोण्यासारखी पळाली. तू बसली का हिले कापरं भरते."

त्यानं गाडी माघारी अमरावतीकडं वळवली. सून आणताना गाडीनं वाटेत खोडा घातला तर तिला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, परत नेऊन दुसरा दिवस धरायचा, असा त्याच्या आईचा दंडक होता. वच्छलानं पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं पंजाबरावला वाटलं. वाटू दे.

अकोल्याला सासरच्या घरात सरकीच्या पोत्यांच्या खोलीला बाहेरून कडी होती. त्या कडीआड तिचे दोन पावसाळे गेले होते. होळीला ती माहेरी आली तेव्हा पाठीवर पट्ट्याचे वळ होते. मायनं ते बापाला दाखवले. गोवर्धन मिस्त्रीनं एकदा पाहिलं, मान फिरवली, पाना उचलला आणि कामाला लागला. ती फिरवलेली मान वच्छला विसरली नव्हती.

बडनेरा रोडला गोवर्धनचा मोटारदुरुस्तीचा टिनाचा मांडव होता, मागं घर. डाव्या हाताचं पहिलं बोट एका इंजिनाच्या पंख्यानं अर्ध्यातून नेलेलं. तरी वरूडचे संत्र्याचे ट्रक त्याच्याच दारात उभे राहायचे.

"या जवाईबुवा," तो उठला. "पुन्हा?"

"पुन्हा. मामाजी, हे तिसरी खेप हाये. तुमाले मोटार समजते, का नुसती बैलगाडी?"

गोवर्धननं जॅक लावला. चाक उचललं, फिरवलं, दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं.

"बेरिंग घट्ट हाये. नट घट्ट हायेत. मागची चाकं पुढं घालून पायतो. चाकाले एका अंगाले पावभर वजन जास्त झालं, त हळू चालीत समजत नाई. चाळीसच्या पुढं गेलं का मंग ते हात झटकते."

"पावभरानं मोटार हालते?"

"माणूस हालते जवाईबुवा. मोटार काहून नाई?"

"मोटारीत काई नाई," पंजाबराव म्हणाला. "तुमच्या पोरीचा पायगुण हाये. अवदसा हाये ते. मायनं आधीच सांगतलं, चौथ्यांदा जर माघारी आली, त फारकत. कागद करून मोकळा होतो."

बापाच्या तोंडावर पोरीला अवदसा म्हटलं, तरी गोवर्धननं जॅकचा दांडा सोडला नाही. जॅक खाली घेता घेता फक्त म्हणाला, "उद्या तुमीच पाहा."

दारामागं वच्छला उभी होती. फारकत. तो शब्द तिला शिवीसारखा नाही, कडी निघाल्यासारखा ऐकू आला. फारकत झालेल्या बाईला सारं गाव नावं ठेवतं. पोत्यांच्या खोलीला कोणी नावं ठेवत नाही.

संध्याकाळी सासरा-जावई गाडी पळवून आले. पन्नासनं गेली, पंचावन्ननं गेली. स्टीअरिंग हललं नाही. पंजाबराव शीळ घालत उतरला. वच्छला दारातून आत वळली. बापानं शेवटी दुरुस्त केलीच म्हणायची.

सकाळी गोवर्धननं गाडी धुवायला घेतली. दर खेपेला निघण्याआधी तो स्वतः धुवायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. एकेका चाकाशी बसून घासत होता. खिडकीतून पाहणाऱ्या वच्छलाला वाटलं, हा बाप नाही, आपल्या तिरडीचे बांबू तासणारा माणूस आहे.

घरात तिची माय माणिकबाई वेगळ्याच गोष्टीवर तणतणत होती. "कुटार-भुसकट घालून चुलीसाठी माती मळून ठेवावी, का कोणीतरी गोळा उचलून नेते. शेजारची पार्बताबाईच असंन. सोताच्या हाताले लकवा झाला का तिच्या?"

वच्छला बाहेर आली.

"बाबा, मले नोका धाडू."

"गाडी नीट हाये, बाई."

"गाडीचं नाई सांगून राहिली मी."

"मी गाडीचंच जाणतो," गोवर्धन तिच्याकडं न पाहता म्हणाला, आणि मनगटापर्यंत भरलेले हात धुवायला रांजणाकडं गेला.

तेव्हाच तिनं ठरवलं. बाप करत नसेल तर आपण करू.

दुपारी पंजाबराव जेवायला बसला. गोवर्धन सासूसारखा आग्रह करत होता. "घ्या अजून एक पोळी. घाई काहून? ऊन उतरल्यावर निघा."

चैताचं ऊन. अंगणातली ओली जागा कधीच वाळून फुटली होती. वच्छलानं गोठ्यातला विळा घेतला आणि गाडीखाली सरपटत शिरली. टायर आतल्या अंगानं कापायचं, म्हणजे बाहेरून दिसणार नाही. मूर्तिजापूरपर्यंत कुठंतरी फुटेल. फुटून गाडी उलटली तरी चालेल.

पुढच्या चाकाच्या आतून तिनं हात फिरवला. कापायची जागा चाचपत होती. बाहेरून चाक आरशासारखं धुतलेलं, आणि आत लोखंडाच्या खोबणीत हाताला काहीतरी खरबरीत लागलं. ती मान वाकडी करून पाहू लागली.

काळ्या मातीचा गोळा होता, वाळून विटेसारखा झालेला. त्यातून कुटाराच्या काड्या निघाल्या होत्या. ओला असताना कोणीतरी तो नेट लावून दाबून बसवला होता. दाबणाऱ्याची बोटं मातीत उमटली होती. तीन लांब, आणि एक अर्ध्यातच संपलेलं.