तिळाएवढं स्टिअरिंग

गार होत चाललेला चहा. टीपॉयवर चिमटा. सुटे भाग जोडून केलेली काडेपेटीएवढी गाडी, मंगळावरच्या पोलिसांची. सोफ्याखाली टॉर्चचा उजेड आणि सोफ्याबाहेर चार तळपाय.

त्याचं असं झालं. मुलीला मागणी घालायला तो दारात येऊन उभा राहिला, तेवढ्यात तिचे बाबा ओरडले, "हलू नका!" गाडीचं तिळाएवढं स्टिअरिंग चिकटवताना चिमट्यातून उडालं होतं आणि बाबा जमिनीवर रांगत होते. त्यानं मुकाट्यानं बूट काढले आणि तोही रांगायला लागला.

"अहो, मुलगा काय करतो ते तरी विचारा," आई म्हणाली.

"शोधतोय ना! दिसत नाही का?"

सोफ्याखाली दोघांची डोकी आपटली. "रंग आधी देता, की सगळं जोडून झाल्यावर?" त्यानं विचारलं. बाबा बघतच राहिले. इतक्या वर्षांत या घरात हे कुणी विचारलं नव्हतं. मग चाकांवर बोलणं झालं, मंगळावरच्या धुळीवर झालं, ती धूळ ब्रशनं कशी आणायची त्यावर झालं. चहा दोनदा गरम झाला. मुलगी कपाळाला हात लावून उभी होती.

शेवटी बाबा कंबर धरत उठले. "राहू द्या आता, जावईबापू. उद्या उजेडात बघू."

आईच्या हातून बशी निसटता निसटता राहिली.

स्टिअरिंग बाबांच्या डाव्या भुवईत चिकटलं होतं. ते त्याला बूट काढतानाच दिसलं होतं.