राखण

पुण्यात नोकरी करणारी अक्षदा सहा महिन्यांसाठी परदेशी निघाली, म्हणून आपली बर्फी बोरी गावात वडिलांकडे, कुंडलिककडे सोडायला आली. लॅब्राडोर आणि पूडलच्या संकरातली, कुरळ्या केसांची, कुणाच्याही मांडीवर डोकं टेकणारी कुत्री.

"रोज विंचरा बाबा, नाहीतर केसांच्या गाठी होतात. कान कोरडे ठेवा. आणि तिला एकटं ठेवू नका, ती रडते."

कुंडलिकनं सगळं ऐकून घेतलं. लेकीची गाडी वळणाआड गेली, तसं त्यानं बर्फीला अंगणाच्या टोकाला, उसाच्या कडेला बांधलं.

"अवो, घरात घ्या की तिला. पोरगी काय म्हणंल?" त्याची बायको चिमाबाई म्हणाली.

"राहू दे तिथंच."

दोन दिवस बर्फी रडत राहिली. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिचं रडणं एकदम थांबलं. कुंडलिक बॅटरी घेऊन धावला. मुलाची चार वर्षांची लेक समृद्धी उसाकडं पाठ करून बसली होती आणि आपल्या इवल्या कंगव्यानं बर्फीला विंचरत होती.

त्यानं नातीला उचललं, साखळी सोडली आणि दोघींना आत नेऊन दाराला कडी घातली.

"अवो, झालं काय? आन् बाहेर का बांधलं व्हतं तिला?" चिमाबाईनं विचारलं.

कुंडलिक भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "बिबट्या आला तर आधी कुत्रं उचलील, आन् आपली समृद्धी वाचंल, म्हणून."