मिशीवालं तोंड

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. नागभीडजवळचं रान आहे. नुकतंच उजाडलंय. मोहाच्या झाडाखाली पिवळट फुलांचा सडा पडलाय आणि एक बाई वाकून ती फुलं वेचतेय. तिला तोंडं दोन. एक पुढे, तिचं स्वतःचं. दुसरं मागे, डोक्याला रबरानं बांधलेलं; प्लास्टिकचं, बटबटीत डोळ्यांचं, मिशीवालं. वाघ माणसाला मागून धरतो. कुणी आपल्याकडे बघतंय असं वाटलं तर बिचकतो. म्हणून रानात जाणाऱ्या बायांना गावात हे मुखवटे वाटले होते.

ही बाई मैना. तिची लेक दिव्यानी जवळच गोणपाटावर बसली होती. चार वर्षांची झाली, तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती. कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हती.

अंगणवाडीच्या नीलिमाबाईंनी मैनाला समजावलं होतं, "बोलण्याची घाई नको करू. ती बोट दाखवते का, थे पाहत जा. काही दिसलं का पोरं बोट दाखवतात, अन् मग मायच्या डोळ्यांत पाहतात, मायनं पाह्यलं का नाई म्हणून. ज्या दिवशी थे होईन, त्या दिवशी समज, तिले माय कळली."

त्या दिवसापासून मैनाच्या मनात एकच भीती घर करून होती. माय कधी कळलीच नाही तर?

दिव्यानी टक लावून बघायची ती फक्त मुखवट्याकडे. घरी हाती लागला की आईच्या पाठीमागे जाऊन बसायची आणि तो दाराकडे तोंड करून ठेवायची. कुणी फिरवला की किंचाळायची.

"तिले तुह्यापेक्षा थो मिशीवाला बुढाच आवडते," म्हणत सासू मनकर्णा हसायची. मैनाला हसू यायचं नाही.

आजही तेच. मैना समोर आली की लेकीची नजर खाली. पाठ वळवली की नजर वर, मुखवट्यावर.  मैनानं रबर ओढलं आणि मुखवटा काढून गोणपाटावर टाकला.

"काऊन काढलं वं?" मोहाच्या पलीकडून मनकर्णा ओरडली. "मागच्या साली इथीच त्या बाईले नेलं न वाघानं!"

"थोडा वेळ, आत्याबाई. एक डाव तिनं माह्याकडं पाहाव."

"येडी झाली का? बांध लवकर!"

मैना रानाकडे पाठ करून लेकीसमोर उकिडवी बसली. "दिव्या, इकडं पाह्य. मी तुही माय."

दिव्यानी गोणपाटाचा धागा ओढत राहिली.

लांब कुठेतरी वानरं खेकसली आणि एकदम गप्प झाली. मैनाच्या मागे रायमुनियाच्या झुडपात पाला वाजला. वारा असेल, असं तिला वाटलं. दिव्यानीच्या कपाळावरची बट मात्र हलली नव्हती.

धागा ओढणारा हात थांबला. दिव्यानीनं मान वर केली. हात हळूहळू उचलला. बोट सरळ झालं, मैनाच्या कानाजवळून पलीकडे. आणि मग तिनं आईच्या डोळ्यांत बघितलं. थेट. पुन्हा पलीकडे. पुन्हा आईच्या डोळ्यांत.

"आत्याबाई!" मैनानं हाक मारली. "बोट दाखवलं वं तिनं! माह्याकडं पाह्यलं! नीलिमाबाईनं सांगतलं, अगदी तसंच!"

"कायले दाखवून राह्यली?"

"कायलेबी दाखवो! माय कळली तिले!"

मैना रडत होती, हसत होती. इतक्या दिवसांची भीती अंगावरून उतरली होती. पाठ कशी हलकी वाटत होती.

दिव्यानी उठली. तिनं मुखवटा उचलला, पावलं न वाजवता आईच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी तो तिच्या डोक्यामागे घट्ट धरला, तोंड रायमुनियाकडे करून.