मानाच्या चटईखाली

मीलेता नर्स पहाटेपासून फुआतिनोच्या अंगणात बसली होती. डोक्यावरून तलम चटई ओढलेली. मानाच्या चटईखाली असं येऊन बसतं ते अपराध कबूल करायला आलेलं माणूस. घरच्यांनी चटई उचलली की माफी. नाही उचलली, तर बसून राहायचं.

"आई, ऊन चढलं. भाजून निघेल ती," सून पेपे म्हणाली.

"बसू दे. सावली स्वतःची घेऊनच आलीय की." फुआतिनो नीरफणस सोलत राहिली.

भांडण साऱ्या गावाला ठाऊक होतं. सोमवारी फुआतिनोच्या नातीची, तिरेसाची, शाळा सुरू व्हायची होती. राजधानीहून, आपियाहून, हुकूम आला होता: गोवराची लस टोचल्याचं कार्ड दाखवा, नाहीतर नर्सच्या सहीचं सूटपत्र. फुआतिनो तीनदा दवाखान्यात जाऊन आली.

"पोरगी धडधाकट आहे, मावशी. सूट कशाची देऊ?" तिन्ही वेळा मीलेतानं हेच विचारलं.

शेवटच्या खेपेला फुआतिनोनं एवढंच म्हटलं, "इओनेची." इओने तिचा नातू. तान्हा असताना गोवरानं गेलेला.

दुपार झाली तशी ती सुरी ठेवून उठली आणि चटईसमोर जाऊन उभी राहिली.

"सुईसाठी गळ घालायला आली असशील, तर ऊठ."

चटईखालून एक हात बाहेर आला. हातात सूटपत्र होतं. सही केलेलं.

"गळ घालायला नाही आले, मावशी. इओनेला कडेवर घेऊन तुम्ही डोंगर उतरून आला होतात. लसीची एक बाटली दहा मुलांना पुरते, उघडली की उरलेली फेकावी लागते. म्हणून मी म्हटलं, दहा जमली की या. नियमच होता तसा. पण परत मीच पाठवलं तुम्हाला."

"आणि दहा जमायच्या आत गोवर आला," फुआतिनो म्हणाली. इतक्या वर्षांत हे ती कुणापाशी बोलली नव्हती.

"हो."

फुआतिनोनं कागद घेतला. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते: चूक माझी.

मग तिनं दोन्ही हातांनी चटई उचलली. घामानं निथळणाऱ्या मीलेताला दंडाला धरून घरात आणलं, शहाळं पुढं केलं आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली,

"तिरेसा! दवाखान्यात जायचंय आपल्याला. पळत जा आणि आणखी नऊ पोरं गोळा करून आण!"